पूजेतलं हँडल

माणिकप्पा मिस्त्रींना विमानात बसायला आवडत नसे. विमानांची पोटं उघडण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, पण स्वतः ते वर गेले दोनदाच. दोन्ही वेळा डोळे मिटून. "यंत्र खालनं बघायचं," ते म्हणत. "वर बसलेल्याला त्याचं दुखणं दिसत न्हाय."

मूळचे तामलवाडीचे. घरात मराठी, आईच्या तोंडी कानडी. विसाव्या वर्षी हैदराबादेला गेले आणि विमानतळाच्या वर्कशॉपात फिटर झाले. निजामाचं राज्य गेलं तशी तिथली माणसं पांगली. माणिकप्पा बायकोला, पार्वतम्माला, घेऊन धाराशिवला आले. तुळजापूरच्या रस्त्यावर पत्र्याचं शेड टाकलं आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करू लागले. ते विमानाच्या गोष्टी सांगत, लोक हसून ऐकत. थापाच समजत.

मग अठ्ठावन्न साली वसंतरावांनी विमान घेतलं. वसंतरावांची जिनिंगची गिरणी होती. मुंबईला सारखं जावं लागे. गावाबाहेरच्या माळावर त्यांनी मुरूम टाकून रोलर फिरवला, एक शेड बांधलं आणि चार माणसांचं जुनं विमान आणून उभं केलं. मुंबईचा लायसनवाला इंजिनिअर तीन महिन्यांनी येऊन सही करून जाई. मधले दिवस माणिकप्पांचे. त्या वर्षापासून त्यांच्या गोष्टींना कुणी हसलं नाही.

विमान चालवायला गोपाळकृष्ण आला. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातला, चौतीस वर्षांचा, लग्न न झालेला. वडील देवीच्या सेवेत आणि मुलगा आभाळात, याचं त्या घराला कधी हसू येई, कधी राग. वडील म्हणत, "देवळावरून जातोस. पायातलं तरी काढून जात जा."

"काढतो की बाबा," गोपाळकृष्ण म्हणे. "चाकं पोटात घेतो."

खरंच, त्या विमानाची चाकं उडाल्यावर पोटात जात. एक बटण दाबलं की विजेची मोटर घरघरे, चाकं वर दुमडत, दारं मिटत. उतरताना तेच बटण उलटं दाबायचं. चाकं खाली येऊन घट्ट बसली की हिरवा दिवा लागे. आणि मोटर जळाली, वीज गेली, तर? त्यासाठी हँडल होतं. हातभर लांब, वाकडं, टोकाला चौकोनी तोंड. ट्रक सुरू करायला असतं तसंच, पण लहान. पुढच्या दोन खुर्च्यांच्या मागे, जमिनीत, एक पत्र्याचं झाकण होतं. झाकण उघडायचं, हँडल बसवायचं आणि डावीकडे फिरवायचं. बावन्न फेरे. पन्नासापर्यंत हात चालतो. शेवटचे दोन जड जातात. मग आत खट् होतं आणि चाकं अडकून बसतात. तेवढे दोन राहिले तर चाकं खाली दिसतात, पण उभी राहतीलच असं नाही.

हँडल सीटखाली चामड्याच्या दोन पट्ट्यांत अडकवलेलं असे.

दर महिन्याला माणिकप्पा विमान जॅकवर चढवत आणि गोपाळकृष्णाला आत बसवून हँडल फिरवायला लावत. आपण बाहेर उभं राहून चाकाकडे बघत मोजत. मोजणं कानडीत. वंदु, येरडु, मूरु, नाल्कु.

"अप्पा, मराठीत मोजा की. माझा हिशेब चुकतो."

"चुकू दे. घाबरलेला माणूस मराठी इसरतो. आईनं शिकवलेलं इसरत न्हाय."

"तुमच्या आईनं. माझ्या आईनं अथर्वशीर्ष शिकवलं."

"मग ते म्हणत फिरवा. पर बावन्न झाल्याबिगर हात काढायचा न्हाय."

दोन वर्षांत गोपाळकृष्ण कानडीत ऐवत्तेरडु, म्हणजे बावन्नपर्यंत मोजायला शिकला. बाकी कानडीचं अक्षर येत नव्हतं.

पहिल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी माणिकप्पा आपले पाने, हातोडा, कानस, पक्कड कापडात बांधत होते. नवमीला औजारांची पूजा. पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल, लाल दोरा. मांडलेलं औजार त्या दिवशी उचलायचं नाही. दसऱ्याला नमस्कार करून मगच हातात घ्यायचं. लोहार, सुतार, शिंपी, सगळेच पाळत. ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एक दिवस विसावा.

गोपाळकृष्णानं सीटखालून हँडल काढलं. "हेही न्या अप्पा. हे बिचारं वर्षभर बांधलेलंच असतं. त्यालाही फूल मिळू दे."

माणिकप्पांना ते फार आवडलं. नवरात्रात गोपाळकृष्ण तुळजापूरला असे, विमान नऊ दिवस जागचं हलत नसे. हँडल पूजेला गेलं, दसऱ्याला परत सीटखाली आलं. दुसऱ्या वर्षीही तसंच.

तिसरं वर्ष महाराष्ट्र झाला ते. त्या वर्षी अष्टमीला माणिकप्पांनी औजारं बांधली, सीटखालून हँडल काढलं आणि घरी नेलं. कुणाला सांगायचं त्यात काही नव्हतं.

एक गोष्ट मात्र मनात होती. आठ दिवसांपूर्वी चाकांच्या मोटरचा आवाज त्यांना बदललेला वाटला होता. आत वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा झिजला असेल. मुंबईला पत्र टाकलं होतं, माल दसऱ्यानंतर येणार होता. गोपाळकृष्णाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "चालेल अप्पा. हँडल आहेच की."

नवमीला सकाळी पार्वतम्मानं पाट मांडला. माणिकप्पा अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून बसले. एकेका औजाराला हळद लावली, कुंकू लावलं. हँडलच्या मुठीला लाल दोरा बांधला. वर फूल ठेवलं. आणि घरावरून विमान गेलं.

त्यांनी वर बघितलं नाही. आवाजावरनंच कळलं. चाकं पोटात जाताना मोटर घरघरली तेही, खरं म्हणजे ऐकू येणं शक्य नव्हतं, पण त्यांना ऐकू आलं.

"गोपाळराव आज कसे?" पार्वतम्मा दारातून म्हणाली. "नवरात्र बसलंय न्हवं त्यांचं?"

माणिकप्पा पाटाकडे बघत होते. हळदीचा हात तसाच वर.

"अहो?"

"हँडल इथं हाय," ते म्हणाले.

सायकल काढून ते माळावर गेले. शेडचा राखणदार सिदू तंबाखू मळत बसला होता. विमानाच्या जागी तेलाचे डाग.

"सिदू, कोण आलतं?"

"कोण म्हंजे? वसंतरावांची जीप गेलती तुळजापूरला पहाटं. गोपाळरावांस्नी घेऊन आली. मालकाच्या लेकीला पुण्याहून आणायचंय. तिची परीक्षा सरली, अन् दसऱ्याला घरी पायजे म्हणून आईनं हट्ट धरला."

"मला का न्हाय बोलवलं?"

"म्या निघालो हुतो बलवायला. गोपाळराव म्हनले, ऱ्हाऊ दे. आज अप्पांच्या घरी पूजा हाय, त्यांना उठवू नको. अप्पांनी काल बघितलंय म्हंजे बघितलंय."

माणिकप्पा खाली बसले. सिदूनं चंची पुढे केली, त्यांनी घेतली नाही.

"चार वाजंपर्यंत येतील की. काय झालं?"

"काय न्हाय," माणिकप्पा म्हणाले आणि परत सायकलवर बसले.

पोस्टात त्या दिवशी सकाळचे दोनच तास काम होतं. तारेच्या खिडकीत नारायणराव पंचांग वाचत होते. ट्रंककॉल लागणार नाही, लाइन सोलापूरच्या पुढं बंद आहे, हे त्यांनी मान वर न करता सांगितलं.

"मग तार. पुण्याच्या विमानतळावर. गोपाळरावांच्या नावानं."

"मजकूर?"

"हँडल घरी आहे. निघू नका."

नारायणरावांनी चष्म्यावरून बघितलं. "कसलं हँडल? ट्रकचं?"

"विमानाचं."

"विमानाला हँडल मारतात?"

"नारायणराव, हात जोडतो. लिवा."

नारायणरावांनी इंग्रजीत लिहिलं. तातडीची, असा शिक्का मारला. कट्ट-कट्ट करत तार गेली. ती पुण्यात उतरली, सायकलवरच्या माणसाच्या पिशवीत पडली आणि विमानतळावर पोचली तेव्हा विमान निघून वीस मिनिटं झाली होती. हे सगळं मागाहून कळलं. त्या वेळी माणिकप्पांना एवढंच वाटलं की तार गेली. आता तो थांबेल.

तरी जेवण गेलं नाही. दुपारी त्यांनी पाटाजवळ जाऊन हँडल उचललं. पार्वतम्मानं बाजूला पडलेलं फूल परत पाटावर ठेवलं.

चारला दहा कमी असताना पश्चिमेकडून आवाज आला.

माळावर वसंतराव होते, त्यांची बायको होती, जीपमध्ये पेढ्यांचा पुडा होता. माणिकप्पा धावपट्टीच्या कडेला उभे राहिले. चाकं बाहेर यायची ती जागा त्यांना पाठ होती. बाभळीच्या रांगेपाशी. विमान बाभळींवरून गेलं. चाकं आली नाहीत. ते पट्टीवरून सरळ पुढं गेलं आणि वळलं.

"का हो उतरले नाहीत?" वसंतरावांनी विचारलं.

माणिकप्पांनी हातातलं हँडल दाखवलं. वसंतरावांना कळलं नाही. कुंकवानं माखलेलं लोखंड बघून त्यांना ते देवाचंच काही वाटलं.

दुसऱ्या फेरीला विमान खालून गेलं. पोट स्वच्छ दिसत होतं, दारं मिटलेली. तिसऱ्या फेरीला दारं किंचित उघडी होती. चौथ्या फेरीला चाकांची टोकं बाहेर डोकावली. तेव्हा माणिकप्पांना कळलं.

तो फिरवत होता. हँडल नाही, मग विमानातल्या सुट्या पकडीनं. चौकोनी दांड्याला पक्कड लावायची, पाव फेरा फिरवायची, काढायची, परत लावायची. एका फेऱ्याला चार वेळा. बावन्न फेरे.

हे धोक्याचं होतं. चाकं पोटात असती तर मुरमावर घसटत का होईना विमान सरळ बसलं असतं. अर्धी चाकं घेऊन टेकलं तर उलटणार. आता दोनच वाटा होत्या. सगळी परत आत घ्यायची, नाहीतर सगळी बाहेर काढायची. मध्ये थांबायचं नाही. आणि गोपाळराव दमला असेल. नऊ दिवसांचा उपास. दमलेला माणूस मध्येच थांबतो.

माणिकप्पा पट्टीच्या मधोमध गेले. वसंतराव ओरडले, "अहो, मरायचंय का?" माणिकप्पांनी हँडल दोन्ही हातांत धरलं, समोर हवेतच टेकवलं, आणि फिरवायला लागले. डावीकडे. मोठ्यानं मोजत.

"वंदु! येरडु! मूरु!"

विमान डोक्यावरून गेलं. ते फिरवतच राहिले. धोतराचा सोगा सुटला. सिदू पुढं आला आणि परत मागं सरला. मालकीणबाई रडू लागल्या, त्यांना वाटलं म्हातारा खुळावला.

वर चंद्रप्रभा, वसंतरावांची लेक, पुढच्या खुर्चीत स्टिअरिंग धरून बसली होती. सरळ धर, हलवू नकोस, एवढंच तिला सांगितलं होतं. गोपाळकृष्ण मागं वाकून जमिनीशी झटत होता. ती खाली बघून म्हणाली, "काका, पट्टीवर एक आजोबा उभे आहेत. हवेत रहाट फिरवतायत."

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

"थांबलेत?"

"नाही."

"मग मीही नाही थांबत," गोपाळकृष्ण म्हणाला.

चाळिसाव्या फेऱ्याच्या सुमाराला पक्कड सटकली आणि त्याचा उजवा तळवा झाकणाच्या पत्र्यावर फाटला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. शिरा तुटल्या, हे त्याला नंतर कळलं. त्या वेळी हात फक्त ओला झाला आणि पक्कड ठरेना. रुमाल गुंडाळून त्यानं डाव्या हातानं फिरवलं. नलवत्तारु, सेहेचाळीस. नलवत्तेळु, सत्तेचाळीस. पन्नासाव्यानंतर पक्कड दांड्यावर नुसती घसरायला लागली. पेट्रोलचा काटा खाली टेकला होता.

तो पुढं येऊन बसला आणि विमान उतरवलं.

माणिकप्पा कडेला पळाले. चाकं टेकली. धूळ उठली. विमान सरळ धावत होतं. जीपजवळ कुणीतरी "आलं, आलं" म्हणालं. मग उजवं चाक सावकाश, गुडघा टेकावा तसं, दुमडलं. पंख मुरमात घुसला, विमान गर्रकन फिरलं आणि वाकडं होऊन थांबलं.

मुलगी चालत बाहेर आली. तिला खरचटलंही नव्हतं. गोपाळकृष्ण दारातून उतरला, दोन पावलं चालला आणि पंखावर बसला. माणिकप्पा समोर उभे. त्यांच्या हातात हँडल. लाल दोरा अजून मुठीला होता.

गोपाळकृष्णानं हँडलकडे बघितलं.

"फूल वाहिलं होतं का?" त्यानं विचारलं.



सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शिरा जोडल्या. जखम भरली, पण ती दोन बोटं मिटेनात. मूठ होईना. माणिकप्पा एक दिवसाआड एस.टी.नं जात, खाटेजवळ स्टुलावर बसत आणि परत येत. एकदा गोपाळकृष्ण म्हणाला, "मुंबईचा साहेब येणार आहे चौकशीला. मी सांगणार आहे, हँडल विमानातच होतं. फिरवताना निसटलं, खिडकीतून पडलं."

"अन् मी?"

"तुम्ही काही सांगायचं नाही. बघायचं काम माझं होतं. सीटखाली हात घालायला किती वेळ लागतो? आणि पूजेला न्यायचं मीच काढलं होतं, तुम्ही नव्हे."

"नेलं म्या."

"अप्पा, तुम्ही हैदराबादचं नाव घेऊन विमानाला हात लावता. तेवढंच आहे तुमच्याकडं. ते जाईल."

"तुमचं काय गेलं ते बगा आदी."

"माझं गेलंच आहे. म्हणून म्हणतो, दोघांचं कशाला?"

माणिकप्पा उठून गेले. गोपाळकृष्णाला वाटलं, पटलं.

चौकशी गिरणीच्या कचेरीत झाली. साहेब सभ्य होता, मराठी बोलणारा. गोपाळकृष्णाचा जबाब आधीच लिहून झाला होता. माणिकप्पा आत आले, टोपी काढून टेबलावर हँडल ठेवलं. खाचांत कुंकू वाळून काळं पडलं होतं.

"हे कुठं सापडलं?"

"सापडलं न्हाय साहेब. माझ्या घरी हुतं. देवापुढं."

"देवापुढं कशासाठी?"

"नवमी हुती."

साहेबानं लेखणी खाली ठेवली. गोपाळकृष्णाचा कागद पुन्हा वाचला. "हे तर म्हणतात, विमानातून पडलं."

"ते लहान हाईत," माणिकप्पा म्हणाले. "खोटं बोलायची सवय न्हाय त्यांना. म्हणून नीट जमलं न्हाय."

निकालाचा कागद महिन्यानं आला. माणिकप्पांनी यापुढं कुठल्याही विमानाला हात लावायचा नाही. गोपाळकृष्णाची मूठ होईपर्यंत लायसन थांबवलं. मोडलेलं विमान ट्रकवर चढवून मुंबईच्या कुणीतरी भंगारात नेलं. नेताना सामानाची यादी केली. हँडल त्या वेळी विमानात नव्हतं, म्हणून यादीत आलं नाही. ते माणिकप्पांकडेच राहिलं.

गोपाळकृष्ण त्यांच्यावर रागावला तो जबाबासाठी. तीन महिने बोलला नाही. पुजाऱ्याच्या घरात बसून राही. डाव्या हातानं जेवे, म्हणून एकटा जेवे.

संक्रांतीनंतर माणिकप्पा तुळजापूरला गेले. दारातच उभे राहिले. "डॉक्टर म्हणले, हात चालवला तर चालंल. व्हय का?"

"म्हणतात."

"मग मंगळवारी शेडात या."

शेडात त्यांनी सागवानी खांबाला जुना गियर ठोकला होता. त्याला चौकोनी दांडा, दांड्याला हँडल. मागं एक पेच. पेच आवळला की हँडल जड, सैल केला की हलकं. लाल दोरा काढला नव्हता. तो मळून तपकिरी झाला होता.

"फिरवा," माणिकप्पा म्हणाले. "म्या मोजतो."

पहिल्या मंगळवारी आठ फेरे झाले. बोटं सुटली. माणिकप्पांनी पेच सैल केला. उन्हाळ्यात अठरा. आषाढात तीस. प्रत्येक मंगळवारी तुळजापूरची एस.टी. दहाला येई. पार्वतम्मा चहा ठेवी. एक जण फिरवी, एक जण मोजी. तीसच्या पुढं गेलं की गोपाळकृष्णाच्या कपाळावर घाम येई. माणिकप्पांच्याही.

वर्ष फिरलं. नवमी मंगळवारीच आली. माणिकप्पांना वाटलं, आज येणार नाही. पार्वतम्मानं पाट मांडला, पाने, हातोडा, कानस, पक्कड ओळीनं ठेवली. मग ती शेडकडे बघून थांबली. "ते?"

"ते काढायचं न्हाय," माणिकप्पा म्हणाले.

हळदकुंकवाची वाटी घेऊन ते स्वतः शेडात गेले. हँडल खांबाला होतं तिथंच राहू दिलं. तिथंच हळद लावली, कुंकू लावलं. फूल मुठीवर ठेवलं तर पडू लागलं, म्हणून दोऱ्यात खोचलं.

मागं पावलं वाजली. गोपाळकृष्ण दारात उभा होता. कडक उपासानं चेहरा उतरलेला.

"आज औजाराला हात लावायचा नाही ना अप्पा?"

माणिकप्पांनी पूजेची वाटी खाली ठेवली. हात धोतराला पुसले. पार्वतम्मा घराच्या दारातून बघत होती.

"लावा," ते म्हणाले.

गोपाळकृष्णानं फूल न पाडता मूठ धरली. तीन बोटं मिटली. उरलेली दोन त्यानं डाव्या हातानं मिटवून वर दाबली. माणिकप्पा मोजू लागले. वंदु. येरडु. मूवत्तु, तीस झाले. नलवत्तु, चाळीस झाले. झेंडूच्या पाकळ्या एकेक गळत होत्या. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. पन्नासाव्याला हँडल थांबलं.

माणिकप्पांचा हात पेचाकडे गेला.

"सैल करू नका," गोपाळकृष्ण म्हणाला.

हात परत आला. दोघंही तसेच उभे राहिले, हँडल धरून एक आणि ओठांवर पुढचा आकडा घेऊन दुसरा.